मनाचा दवाखाना किती लांब?

घरात कुणाला ताप आला तर काय करायचे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कपाळावर गार पाण्याची पट्टी, मऊ भात, एक दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर कोपऱ्यावरचे डॉक्टर. त्यांनी चिठ्ठी दिली तर रक्ततपासणी आणि अगदीच गरज पडली तर मोठे इस्पितळ. ही वहिवाट कुणी शिकवावी लागत नाही. माणूस पायरीपायरीने वर चढतो आणि बहुतेक ताप पहिल्या दोन पायऱ्यांवरच उतरतात.

मनाच्या बाबतीत मात्र हा जिना आपल्या घरात नसतो. तेथे दोनच टोके असतात. एका टोकाला "मनावर घेऊ नकोस, होईल सगळे ठीक" आणि दुसऱ्या टोकाला येरवडा, ठाणे, नागपूर नाही तर रत्नागिरी. या चार गावी सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि म्हणूनच या गावांची नावे गप्पांच्या फडात विनोदासाठी वापरली जातात. "याला येरवड्याला पाठवा" म्हटले की हशा पिकतो. त्या हशात सामील झालेला एखादा माणूस त्याच वेळी महिनाभर झोपलेला नसतो, आणि आता आपण काही बोललो तर आपली रवानगी कोठे होणार हे त्याला कळून चुकते. मग तो गप्प बसतो.

या दोन टोकांच्या मधे पुष्कळ पायऱ्या आहेत, त्यांतल्या काही आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आहेत, काही गावच्या दवाखान्यात आहेत आणि तुमच्याआमच्या मनाची बरीचशी दुखणी तेथेच हलकी होऊ शकतात, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

दिवस जातच नाही

मराठीत मनासाठी शब्दांची वानवा नाही. मन खट्टू होते, मन उडते, मन मोडते, मन खाते, मन धजत नाही, कशातच मन लागत नाही. एवढी शब्दसंपत्ती गाठीशी असूनही "कसे आहात?" या प्रश्नाला आपले उत्तर ठरलेले असते: "बरे आहे." मनाला जे बोलता येत नाही ते मग शरीर बोलू लागते.

माझी एक मावशी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. काका गेले तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. दोन्ही मुलगे पुण्यात. वर्षश्राद्ध झाले, पाहुणे पांगले आणि मावशीचे पाय ओढू लागले. भूक गेली. पहाटे तीनलाच डोळे उघडू लागले. रक्त, लघवी, थायरॉईड, एक्स-रे, सोनोग्राफी सगळे झाले आणि प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' असा शेरा आला. टॉनिके झाली, ताकदीची इंजेक्शने झाली, शेजारणीने सांगितले म्हणून दृष्टही काढून झाली. दीड वर्ष असेच गेले. शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण डॉक्टरने तपासून झाल्यावर विचारले, "आजी, दिवस कसा जातो तुमचा?" मावशी म्हणाली, "दिवस जातच नाही रे बाळा." आणि दीड वर्षात पहिल्यांदा ती परक्या माणसासमोर रडली.

मावशीला नैराश्याने ग्रासले होते. ती वेडी झाली नव्हती, नाटक करत नव्हती आणि देवधर्मातही कमी पडली नव्हती. तिच्यासारखी माणसे किती असतील? बंगळूरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे दहा टक्क्यांहून थोडे अधिक लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक त्रासात होते. अस्वस्थ करणारा आकडा त्यापुढचा आहे. आजाराच्या प्रकारानुसार यातल्या शंभरांतल्या सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे वाड्यात, चाळीत, सोसायटीत दहा प्रौढ माणसे असली तर त्यांत एक मावशी असते आणि तिच्यापर्यंत सहसा कुणी पोचलेले नसते.

पोचायचे तरी कुणी? मनोविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले, त्यांची संख्या अपुरी, फी सगळ्यांना परवडणारी नाही. हीच अडचण समोर ठेवून गेल्या पंचवीसतीस वर्षांत जी कामे झाली, त्यांतले एक आपल्या शेजारी गोव्यात झाले आहे.

गोव्यातला धडा

मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली. त्यांचा प्रश्न साधा होता. डॉक्टर पुरेसे नाहीत हे खरे; पण प्रत्येक नैराश्याला डॉक्टरच लागतो का? ज्यांचे मानसशास्त्रात शिक्षण झालेले नाही अशा स्थानिक स्त्रीपुरुषांना नीट शिकवले, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली, तर ते उपचार करू शकतील का?

त्यांनी अनुमानावर न थांबता हे तपासून पाहिले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातली नेहमीची सेवा थोडी सुधारून दिली. दुसऱ्या गटाला त्याबरोबर प्रशिक्षित समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी दिल्या. भेट आठवड्याला एक, साधारण अर्ध्यापाऊण तासाची. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले शंभरात एकोणचाळीस जण नैराश्यातून बाहेर आले होते. समुपदेशकाला भेटलेल्यांत हे प्रमाण चौसष्ट होते. वर्षानंतर पाहिले तेव्हाही फायदा टिकून होता.

या भेटींत नेमके काय होत असे? बालपणाचे उत्खनन नाही, स्वप्नांचा अर्थ नाही. नैराश्यातला माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातो. फिरणे सुटते, शेजारी जाणे सुटते, आवडीचे काम सुटते. "बरे वाटले की करीन" असे तो म्हणतो. पण काही केले नाही तर बरे वाटायला कारणच उरत नाही, आणि बरे वाटत नाही म्हणून काही केले जात नाही. विहिरीवरच्या रहाटासारखे हे चक्र फिरत राहते. समुपदेशक या चक्राला दुसऱ्या बाजूने हात घालतो: मूड येण्याची वाट पाहू नका, आधी एक अगदी छोटे काम करा, मूड मागाहून येईल. कोणते काम, किती वाजता, कुणाबरोबर, हे दोघे मिळून ठरवतात, आणि पुढच्या भेटीत ते झाले का, नसेल तर आड काय आले, हे पाहतात. त्याला जोडून झोपेचे, घरातल्या अडचणींचे, कुणाशी बोलायचे याचे प्रश्न एकेक करून सोडवतात.

मावशीच्या त्या डॉक्टरनेही हेच केले. गोळी सुरू केली आणि कागदावर एक कामही लिहून दिले. मावशी पूर्वी दर मंगळवारी भजनाला जात असे. डॉक्टर म्हणाला, "भजन राहू द्या. फक्त देवळाच्या ओट्यापर्यंत जायचे, बसायचे आणि परत यायचे." पहिल्या मंगळवारी ती अर्ध्या वाटेवरून परतली. दुसऱ्या वेळी ओट्यापर्यंत गेली. चौथ्या मंगळवारी कुणीतरी तिच्या हातात टाळ दिले. ती एकदम ठणठणीत झाली असे मी म्हणणार नाही. पण दिवस जाऊ लागला.

हेच काम विदर्भात थोड्या मोठ्या प्रमाणावर झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, ताण आणि नैराश्य म्हणजे काय हे लोकांच्या भाषेत सांगितले, ज्यांना गरज होती त्यांना समुपदेशकाकडे आणि तेथून डॉक्टरांकडे पोचवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर जणांतले जेमतेम चार मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण सत्तावीसवर गेले. उरलेले त्र्याहत्तर अजून वाट पाहत होते, हेही खरे. परंतु मदत घराजवळ आली आणि ओळखीच्या तोंडून आली तर माणसे ती घेतात, हे त्या तीस गावांनी दाखवून दिले.

आजीबाईंचे बाक

गोव्यात हे काम चालू असताना समुद्रापलीकडे आफ्रिकेतही त्याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर सापडत होते. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा हे मोजक्या मनोविकारतज्ज्ञांपैकी एक. २००५ साली त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. तिला त्यांच्या इस्पितळात आणायचे होते, पण बसच्या भाड्याला पैसे नव्हते. दवाखाना दूर असणे म्हणजे काय, ते चिबांडांना त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी त्यांनी राजधानी हरारेच्या एका गरीब वस्तीत काम सुरू केले. डॉक्टर नव्हते, खोली नव्हती, पैसाही नव्हता. होत्या त्या चौदा आज्या, वस्तीत आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या. त्यांना समस्या सोडवण्याच्या उपचारपद्धतीचे शिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक टाकले. सुरुवातीला त्याला 'मानसिक आरोग्याचे बाक' म्हणत. तेव्हा कुणी फिरकेना. आज्यांनीच सुचवले, याला 'मैत्रीचे बाक' म्हणा. मग लोक येऊ लागले.

त्या आज्या रुग्णाला 'डिप्रेशन' हा शब्द सांगत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडची बाई "विचार करून करून डोक्याचा भुगा झाला" म्हणते, तेच. उपचाराच्या पहिल्या पायरीला त्या 'मन उघडणे' म्हणतात. आपण त्याला मन मोकळे करणे म्हणतो. रुग्ण आपल्या अडचणींची यादी सांगतो, आजी त्यातली एकच निवडायला लावते आणि तीवर आज, उद्या काय करता येईल ते त्याच्याच तोंडून वदवून घेते. २०१६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याची शास्त्रशुद्ध पाहणी प्रसिद्ध झाली. हरारेतल्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ रुग्णांपैकी ज्यांना बाकावरचे उपचार मिळाले, त्यांची लक्षणे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली होती.

आपल्याकडे पारावर, ओट्यावर, नळावर, जिन्यात बोलणे चालतेच. मग नवे ते काय, असे कुणी विचारील. फरक आहे. ओट्यावर आपण ऐकतो तेव्हा लगेच आपलीही कहाणी सुरू करतो, सल्ला देतो, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चाळभर होते. बाकावरची आजी ऐकते, सल्ला देत नाही, गुप्तता पाळते आणि पुढच्या आठवड्यात "ते केलेस का?" असे विचारते. शिकण्यासारखे एवढेच आहे, पण ते शिकावे लागते.

घरच्या घरी

वरच्या प्रयोगांतून आणि मानसशास्त्राच्या इतर अभ्यासांतून घरी वापरता येण्याजोगी काही साधने हाती लागतात. त्यांना खर्च नाही. एक वही आणि पेन पुरे.

पहिले साधन दिवसाच्या नोंदीचे. आठवडाभर रोज रात्री चार ओळी लिहायच्या: आज काय केले आणि ते करताना बरे वाटले की वाईट, दहापैकी किती. आठ दिवसांनी वही वाचली की नमुना दिसू लागतो. रविवारी दुपारी जीव घाबरा होतो, भाजी आणायला गेल्यावर थोडे हलके वाटते, अमक्या नातेवाइकाचा फोन आला की रात्र बिघडते. जे हलके करते ते पुढच्या आठवड्यात ठरवून एकदा जास्त करायचे. काम मावशीच्या ओट्याएवढेच छोटे असावे. "उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणार" हा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो आणि आणखी एक अपयश पदरी टाकतो.

दुसरे साधन अडचणींच्या यादीचे. डोक्यात दहा काळज्या एकमेकींत गुंतलेल्या असतात तेव्हा एकही सुटत नाही. त्या कागदावर सुट्या लिहाव्यात. ज्यांवर आपल्याला काहीच करता येणार नाही त्या एका बाजूला काढाव्यात. उरलेल्यांतली एक उचलून तिच्यावरचे जमतील तेवढे उपाय लिहावेत, वेडगळ वाटले तरी. त्यातला एक निवडून त्याचा पहिला तुकडा याच आठवड्यात करायचा. कर्ज फिटत नाही ही अडचण फार मोठी आहे. पण 'सोमवारी बँकेत जाऊन हप्ते लांबवता येतील का हे विचारणे' हे काम करता येते.

तिसरे साधन विचार तपासण्याचे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजली आहे. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ किशोर फडके यांचा एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. त्यांनी ही पद्धत येथे आणली आणि शिकवली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकाने ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. एलिस यांचे सांगणे असे, की घटना आणि आपली भावना यांच्या मधे आपला विचार उभा असतो, आणि भावनेचा रंग तो विचार ठरवतो.

रविवार आहे, मुलाचा फोन यायचा असतो आणि तो येत नाही. ही घटना. आई दुपारी जेवत नाही, ही परिणती. मधला विचार कोणता? "त्याने फोन करायलाच हवा होता. त्याला आता आईची गरजच उरली नाही." येथे मराठी आपल्या मदतीला येते. एलिस ज्या हट्टी मागणीबद्दल बोलतात ती आपल्या भाषेत एका अक्षरात मावते: 'च'. करायलाच हवे, मिळालेच पाहिजे, असे होताच कामा नये. तो 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहावे. "त्याने फोन केला असता तर मला बरे वाटले असते. केला नाही, वाईट वाटले." वाईट वाटणे शिल्लक राहतेच, आणि राहावे, पण त्याने जेवण सुटत नाही, आणि संध्याकाळी आपणच फोन लावता येतो.

चौथे साधन मोकळे लिहिण्याचे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला सर्वांत लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावले. शुद्धलेखन नको, कुणाला दाखवायचे नाही. लिहिताना मुलांना त्रास झाला. परंतु प्रसंग आणि त्यामागच्या भावना ज्यांनी लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकला तरी चालतो. मात्र घाव अगदी ताजा असताना, किंवा लिहिल्यावर प्रत्येक वेळी अधिकच खचायला होत असेल तर, हे साधन बाजूला ठेवावे.

आणि झोप. झोप लागत नसताना अंथरुणात तळमळत पडून राहिले की अंथरूण आणि तळमळ यांची जोडी मनात पक्की बसते. म्हणून झोप येईल तेव्हाच आडवे व्हावे. बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी शांत काम करावे आणि पेंग आली की परत यावे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. मोबाइल उशाशी नको, हे आता सांगायला नको.

ऐकणाऱ्यांसाठी

घरात एखाद्याला असा त्रास होत असेल तर बाकीच्यांनी काय करावे? सर्वांत आधी तीन वाक्ये टाळावीत: "मनावर घेऊ नकोस", "तुला काय कमी आहे?" आणि "आमच्या वेळी यापेक्षा वाईट होते." तिन्ही प्रेमानेच म्हटली जातात आणि तिन्हींनी समोरच्याचे तोंड बंद होते. त्याऐवजी त्या डॉक्टरचा प्रश्न विचारावा: "दिवस कसा जातो?" आणि मग उत्तर येईपर्यंत थांबावे. दोन मिनिटांची शांतता आपल्याला जड जाते, पण ती सहन करावी.

बोलता बोलता "जगून काय करायचे" असे काही निघाले तर विषय बदलू नये. "मरून जावे असे वाटते का? तसे काही करायचे मनात आहे का?" असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारले याने माणसाचा भार हलका होतो. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डॉक्टरकडे केव्हा?

घरची साधने तापातल्या पाण्याच्या पट्टीसारखी आहेत. पट्टीने टायफॉईड जात नाही. उदासी किंवा घबराट दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, झोप आणि भूक बिघडली, रोजचे काम होईनासे झाले तर मदत घ्यावी. इतरांना न येणारे आवाज ऐकू येणे, लोक आपल्यावर टपले आहेत अशी खात्री वाटणे, दिवसचे दिवस झोपेवाचून अति उत्साहात राहणे, दारू किंवा गोळ्यांवाचून न चालणे, स्वतःला इजा करावीशी वाटणे, यांतले काहीही दिसले तर दोन आठवडेही थांबू नये.

कुणाकडे जायचे याबद्दल गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झाल्यावर मनाच्या आजारांचे पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून मानसोपचार करतात. समुपदेशक अडचणीच्या काळात सोबत करून वाट शोधायला मदत करतात. शिक्षण कोणते, फी किती, साधारण किती भेटी लागतील, सांगितलेले कुणाला कळणार नाही ना, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नको. भाजी घेताना आपण चार प्रश्न विचारतो, मग येथे का नाही?

औषधांविषयीच्या दोन गोष्टी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, तशी चटक या गोळ्या लावत नाहीत. शंका असेल तर ती दुकानदाराऐवजी डॉक्टरांना विचारावी.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे आणि ते गुप्त राहणे हा त्यानुसार नागरिकाचा हक्क आहे. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावे असे तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानावे, हेही त्यात आहे. त्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेतले जुने कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. पोलिसांच्या भीतीने कुणी इस्पितळात जायचे टाळत असेल तर त्याला हे सांगायला हवे.

महाराष्ट्रात आधाराच्या जागाही आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' आहे. व्यसनासाठी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले 'मुक्तांगण' आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात 'सा' ही संस्था उभी राहिली. या आजाराच्या घरात काय घडते हे २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' चित्रपटाने अनेकांना पहिल्यांदा दाखवले. शहरापासून दूर असणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आणि कोठेच जाता येत नसेल तर फोन आहे: केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही.

सगळेच मनात नसते

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय अर्धा राहील. मनाच्या साधनांविषयी बोलताना सगळे दुःख मनातच असते असा सूर लागण्याचा धोका असतो. नवरा मारत असेल तर बाईने श्वासावर लक्ष द्यावे हा उपाय नव्हे. तिला संरक्षण हवे. सोयाबीनला भाव मिळत नसेल तर शेतकऱ्याच्या विचारातला 'च' काढून कर्ज फिटत नाही. अशा वेळी समुपदेशकाने वकील, बँक, महिला मंडळ, सरकारी योजना यांची वाट दाखवायला हवी. हरारेच्या आज्या पुष्कळदा तेच करतात. पण खचलेल्या माणसाला बँकेपर्यंत चालत जाण्याएवढे बळ लागते, आणि ते बळ परत मिळवून देणे हे मनाच्या उपचाराचे काम आहे. दोन्ही कामे बरोबरीने चालायला हवीत.

आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर गॅसवाल्याचा नंबर, दुधाचा हिशेब आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेला असतो. त्याखाली आज १४४१६ हा आकडाही लिहून ठेवावा. घरातल्या कुणाला तो कशाचा आहे असे विचारावेसे वाटले, तर सांगावे, आपला आहे. लागेल त्याने लावावा.